कठीण काळ आणि ईश्वराचे अदृश्य कार्य : गोमंतकातील देवतांच्या स्थलांतराचा बोध

॥ श्री ॥



देवस्थानच्या कार्यालयात अभिषेकाची पावती करण्यासाठी येणारा प्रत्येक भाविक आनंदाच्या प्रसंगानेच येतो असे नाही. कोणाच्या घरी दीर्घ आजार असतो, कोणाचा चालता व्यवसाय बंद पडलेला असतो, कोणाचा कर्ता मुलगा गेलेला असतो. पावती हातात घेऊन निघता निघता एखादी वृद्ध माउली किंवा एखादा मध्यमवयीन गृहस्थ हळूच विचारतो, "एवढी वर्षे सेवा केली, पण देवाने आमच्याकडे पाहिले का?" या प्रश्नाचे उत्तर कार्यालयाच्या टेबलावरून देता येत नाही. त्याला दोन शब्दांत उत्तर देणे हे त्या दुःखाचा अवमान केल्यासारखे होईल.

तथापि आपल्या संस्थेशी निगडित असलेल्या अनेक कुटुंबांची कुलदैवते गोमंतकात आहेत आणि त्या कुलदैवतांचा इतिहास या प्रश्नाशी फार जवळून जोडलेला आहे. आपण दर्शनास जातो ती फोंडा परिसरातील बहुतेक मोठी देवालये मूळची तेथील नाहीत. त्या देवता एका अत्यंत निराशेच्या काळात आपली मूळ स्थाने सोडून तेथे आल्या. हा इतिहास भाविकांच्या माहितीसाठी येथे संकलित केला असून, त्यातून आपल्या दुःखाच्या काळासाठी काय घेता येईल याचाही विचार केला आहे.

संकटाचा काळ

२५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्सो द अल्बुकर्क याने गोवा शहर आदिलशाहीकडून जिंकून घेतले. प्रारंभीच्या काळात तिसवाडीतील हिंदू प्रजेच्या देवळांना फारसा उपद्रव झाला नाही. परंतु १५४० च्या सुमारास परिस्थिती पालटली. तिसवाडी बेटावरील देवळे पाडण्यात आली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आले. १५४३ साली साष्टी आणि बारदेश हे प्रांतही पोर्तुगीजांच्या हाती आले. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय स्थापन झाले. १५६७ मध्ये साष्टीतील देवळांवर मोठी मोहीम होऊन शेकडो लहानमोठी देवस्थाने जमीनदोस्त झाली.

प्रश्न केवळ दगडी इमारतींचा नव्हता. सार्वजनिक उत्सव, विवाहविधी, पुरोहितांचे वास्तव्य या सर्वांवर निर्बंध आले. पितृहीन मुलांना धर्मसंस्थेच्या ताब्यात घेण्याचे कायदे झाले. गावाचा देव, गावाची जमीन, गावचे गावकरीपण आणि घरातील मूल या चारही गोष्टी एकाच वेळी धोक्यात आल्या. गावकऱ्यांसमोर तीनच मार्ग उरले : धर्मांतर करून जमीन राखणे, सर्व सोडून निघून जाणे, किंवा जमेल तेवढे लपवून तेथेच दिवस काढणे.

त्या वेळच्या एखाद्या कुळाव्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. ज्या देवाला पिढ्यान्‌पिढ्या रक्षक मानले त्याचेच देऊळ डोळ्यांदेखत पाडले जात आहे. "देव आहे, तर मग हे का?" हा प्रश्न त्याच्या मनात आला नसेल असे कोण म्हणेल? आज आपल्या मनात उठणारा प्रश्न नवा नाही. आपल्या पूर्वजांनी तो अधिक तीव्रतेने अनुभवला होता.

नदीपलीकडचा निवारा

जुवारी, म्हणजेच अघनाशिनी, नदीच्या पैलतीरी अंत्रुज महाल होता. आजचा फोंडा तालुका तो हाच. हा मुलूख त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत असल्याने पोर्तुगीजांचे कायदे तेथे चालत नव्हते. डोंगर, दाट झाडी, कुळागरे आणि वाहते झरे असलेल्या या भूमीत देवतांना आणि त्यांच्या भक्तांना आश्रय मिळाला. एका मुसलमान सुलतानाच्या राज्यात हिंदू देवतांना निवारा मिळावा, हे त्या काळातील कोणाही भक्ताने आधी कल्पिले नसते. ईश्वराचे साहाय्य कोणत्या दाराने येईल हे आपण ठरवू शकत नाही, याचे हे पहिले उदाहरण.

परंपरा सांगते की भक्तांनी लिंगे व मूर्ती रात्रीच्या अंधारात उचलल्या आणि होडीतून व डोंगरवाटांनी पलीकडे नेल्या. प्रमुख देवतांची मूळ व नवी स्थाने पुढीलप्रमाणे आहेत :

• श्री मंगेश : कुठ्ठाळी (कुशस्थळी) येथून प्रियोळ येथे, ज्याला आज आपण मंगेशी म्हणतो
• श्री शांतादुर्गा : केळशीहून कवळे येथे
• श्री महालसा : वेर्णे येथून म्हार्दोळ येथे
• श्री रामनाथ : लोटलीहून बांदोडे येथे (रामनाथी)
• श्री महालक्ष्मी : कोलव्याहून बांदोडे येथे
• श्री दामोदर : मडगावहून जांबावली येथे
• श्री देवकीकृष्ण : चोडण बेटावरून माशेल येथे
• श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण : कुंकळ्ळीहून फातर्पे येथे
• श्री सप्तकोटेश्वर : दिवाडी बेटावरील नार्वे येथून डिचोली महालातील नार्वे येथे

श्री मंगेशाचे स्थलांतर १५६० साली झाले असे मानले जाते. इतर बहुतेक स्थलांतरे त्याच्या पुढेमागे, विशेषतः १५६० च्या दशकात झाली.

यातील एक गोष्ट भाविकांनी आवर्जून ध्यानात घ्यावी. आपण देवाला विनवितो की, "देवा, आम्हांला या संकटातून पार ने." येथे मात्र भक्तांनीच देवाला खांद्यावर घेऊन नदी पार केली. रक्षण करणारा देव त्या रात्री स्वतः रक्षणीय झाला होता. श्रद्धावंताच्या दृष्टीने पाहिले तर देव त्या खांद्यांवाटेच कार्य करीत होता. मात्र ज्यांच्या खांद्यावर भार होता त्यांना जाणवला असेल तो केवळ भार, अंधार आणि भय. ईश्वराचे कार्य ज्या क्षणी चालू असते त्या क्षणी ते कार्यासारखे दिसतेच असे नाही.

मधली वर्षे

देवतांचे स्थलांतर आणि त्यांच्या भव्य मंदिरांची उभारणी या दोन घटना आपण एका दमात सांगतो. त्यामुळे या दोहोंमधील काळ किती दीर्घ होता हे आपल्या लक्षात येत नाही. श्री मंगेश १५६० साली प्रियोळास आले. पेशवाईच्या काळात रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या प्रयत्नांनी मंगेशी गाव देवस्थानास इनाम मिळाले ते १७३९ साली. म्हणजे मध्ये १७९ वर्षे गेली. सहा ते सात पिढ्या जन्मल्या आणि निवर्तल्या.

ज्याने लिंग होडीत ठेवले त्याने ते वैभव पाहिले नाही. त्याच्या मुलाने पाहिले नाही, नातवाने पाहिले नाही, पणतवानेही नाही. त्यांच्या वाट्याला आली साधी वास्तू, मर्यादित उत्पन्न आणि परक्या गावी नव्याने मांडलेला संसार. मूळ गावच्या जमिनी गेल्या होत्या, वतने गेली होती, आप्त दुरावले होते. काही कुटुंबे दक्षिणेस कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेली, तर काही उत्तरेस सावंतवाडी, मालवणकडे व घाट चढून बेळगावकडे गेली. आज बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे राहणाऱ्या कित्येक गोमंतकीय घराण्यांच्या प्रवासाचे मूळ या पांगापांगीत आहे.

आश्रयाचा मुलूखही शांत नव्हता. फोंड्याचा किल्ला १६७५ साली शिवाजी महाराजांनी जिंकला. १६८३ साली पोर्तुगीज विसरेईने त्यास वेढा घातला तेव्हा संभाजी महाराजांनी तो उधळून लावला. तोफांचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर ही देवस्थाने होती. उद्या येथूनही निघावे लागेल काय, ही चिंता त्या पुजाऱ्यांना व महाजनांना नक्कीच असणार. नदीच्या अलीकडे राहिलेल्यांसाठी काळ आणखी कठीण होत होता. १६८४ साली कोकणी भाषेच्या वापराविरुद्ध आदेश निघाला. १७३६ साली इन्क्विझिशनने धर्मांतरितांच्या घरातील जुन्या चालीरीतींवर, पेहरावावर आणि अंगणातील तुळशीवरही बंदी घातली.

या मधल्या वर्षांत दिसण्यासारखे काय घडले? इतिहासात नोंदवावे असे फारसे काही घडले नाही. सकाळी देवाला स्नान घातले गेले, नैवेद्य दाखवला गेला, सायंकाळी समई लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले. असे सुमारे पासष्ट हजार दिवस गेले. पुढील सर्व वैभव या पासष्ट हजार दिवसांवर उभे आहे. यातील एखाद्या पिढीने "आता कशाला?" म्हणून सेवा सोडली असती, तर इनाम देणाऱ्यास देण्यासाठी देवस्थानच उरले नसते.

पुन्हा उभी राहिलेली मंदिरे

श्री सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. हे देवालय प्रथम चौदाव्या शतकात बहमनी आक्रमणात भंगले. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने त्याचा उद्धार केला. पुढे १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले. लिंग डिचोलीकडे नेण्यात आले आणि तेथे १६६८ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाचा जीर्णोद्धार सुरू झाला. शके १५९० चा तो शिलालेख आजही देवालयाच्या द्वारावर आहे. दोनदा उद्ध्वस्त झालेला देव तिसऱ्यांदा एका लहानशा गावी, डोंगराच्या कुशीत स्थिर झाला. राज्य शासनाने जतन व दुरुस्ती केल्यावर २०२३ साली हे देवालय पुन्हा भाविकांसाठी खुले झाले.

कवळे येथील श्री शांतादुर्गेचे आजचे मंदिर १७३८ च्या सुमारास पूर्ण झाले. छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारातील नारोराम मंत्री हे देवीचे भक्त होते. त्यांच्या खटपटीने राजाश्रय मिळून हे काम झाले. केळशीहून देवी निघाली तेव्हा नारोरामांचा जन्म व्हायचा होता, इतकेच नव्हे तर ज्या मराठी राज्याने साहाय्य केले ते राज्यही अस्तित्वात यायचे होते. १५६० च्या दशकातील भक्ताने कितीही दूरदृष्टीने विचार केला असता तरी साहाय्य कोठून येणार हे त्याला सांगता आले नसते. साहाय्य करणारे हात तोवर घडलेच नव्हते.

पुढे १७६३ साली फोंडा महाल पोर्तुगीजांच्याच हाती गेला. ज्या सत्तेपासून दूर जाण्यासाठी देव नदीपलीकडे आले, तीच सत्ता दोनशे वर्षांनी नदी ओलांडून आली. परंतु तोवर काळ बदलला होता. या नव्या काबिजादीत हिंदूंच्या देवस्थानांना व चालीरीतींना हात न लावण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. १८१२ साली इन्क्विझिशन कायमचे बंद झाले. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना समान नागरी दर्जा मिळाला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला.

जे परत मिळाले नाही

येथवरची हकिगत वाचून "शेवटी सर्व काही चांगलेच होते" असा निष्कर्ष कोणी काढू नये. तसे म्हणणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल आणि आज दुःखात असलेल्या भाविकावर अन्याय करणारेही.

पाडलेल्या शेकडो देवळांपैकी कित्येक पुन्हा कधीच उभी राहिली नाहीत. कित्येक ग्रामदेवतांची नावे तेवढी जुन्या दप्तरांत उरली. ज्यांची जमीन गेली त्यांना ती मिळाली नाही. कुंकळ्ळीचे उदाहरण तर हृदयद्रावक आहे. १५८३ च्या जुलै महिन्यात तेथील संतप्त गावकऱ्यांच्या हातून पाच जेझुइट धर्मगुरू व त्यांच्यासोबतचे काही लोक मारले गेले. त्यानंतर गावच्या नायकांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. दोन्ही बाजूंच्या मृतांच्या घरी जे रडणे झाले त्याची भरपाई नंतरच्या कोणत्याही मंदिराने झालेली नाही.

तसेच जे गावी राहिले आणि ज्यांनी भीतीपोटी वा निरुपायाने धर्म बदलला, त्यांना दुबळे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. घरात लहान मुले आणि म्हातारे आईवडील असताना रात्रीच्या होडीत बसणे सर्वांना शक्य नव्हते. त्यांच्या वंशजांच्या मनात जुनी नाती आजही जिवंत आहेत. शिरगावची श्री लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी आहेत अशी दोन्ही समाजांची श्रद्धा आहे. म्हापशाच्या फेस्ताला हिंदूही मेणबत्ती व तेल घेऊन जातात. फातर्प्याची श्री शांतादुर्गा दरवर्षी फाल्गुनात मिरवणुकीने कुंकळ्ळीस आपल्या मूळ स्थानी जाते. तिच्यासोबत गावच्या बारा वांगडांच्या बारा छत्र्या असतात आणि त्या छत्रोत्सवात हिंदूंबरोबर ख्रिस्ती गावकरीही सहभागी होतात. जे तुटले ते जसेच्या तसे सांधले गेले नाही. पण वर्षातून एक दिवस देवी घरी येते आणि तो दिवस चारशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

म्हणून श्रद्धा म्हणजे गेलेले सर्व परत मिळेल अशी हमी नव्हे. ज्यांना परत मिळाले नाही त्यांची श्रद्धा कमी होती असेही नव्हे.

ज्या फळांची कोणी अपेक्षा केली नव्हती

संकटाच्या काळातून काही गोष्टी अशा निपजल्या की ज्या कोणी मागितल्या नव्हत्या. फोंडा परिसरातील मंदिरांची वास्तुशैली हे त्याचे एक उदाहरण. घुमटाकार शिखर, उतरते कौलारू छप्पर, प्रशस्त अग्रशाळा आणि प्रांगणातील मजल्यामजल्यांची दीपमाळ अशी रचना अन्यत्र क्वचितच आढळते. श्री मंगेशाची सात मजली दीपमाळ सर्वांच्या परिचयाची आहे. या मंदिरांत मराठी, दक्षिणी आणि युरोपीय या तिन्ही पद्धतींचे मिश्रण दिसते. विस्थापितांनी परक्या मुलखात, हाती असलेल्या कारागिरांकडून जे उभारले तेच पुढे गोमंतकाचे भूषण ठरले.

दुसरे उदाहरण संगीताचे. मंगेशीच्या परिसरात २९ डिसेंबर १९०० रोजी मास्टर दीनानाथ यांचा जन्म झाला. गावावरून त्यांनी मंगेशकर हे नाव धारण केले. त्यांच्या ज्येष्ठ कन्या लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली इंदुरात झाला. देव कुठ्ठाळीहून निघाला नसता तर मंगेशी हे गाव या नावाने ओळखले गेले नसते आणि मंगेशकर हे नावही नसते. मात्र हे सांगताना एक सत्य झाकता कामा नये. देवळांच्या आश्रयाने हे संगीत ज्या कलावंत स्त्रियांनी जपले, त्यांना त्याच व्यवस्थेने मानाचे स्थान नाकारले. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाभाऱ्याबाहेर उभे राहून केलेली सेवाही त्या अदृश्य कार्याचाच भाग आहे आणि तिचे ऋण आपण मान्य केले पाहिजे.

तिसरे उदाहरण वास्को येथील श्री दामोदर भजनी सप्ताहाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या गावात साथीच्या रोगाने कहर केला, तेव्हा ग्रामस्थांनी जांबावलीस जाऊन श्री दामोदराचे श्रीफळ आणले आणि भजन आरंभिले, असे सांगितले जाते. आजही श्रावणात तेथे चोवीस तास अखंड भजन चालते. मडगावहून निर्वासित झालेला देव दुसऱ्या एका गावाच्या भयाच्या रात्री धावून आला, अशी तेथील श्रद्धा आहे.

कौल आणि प्रतीक्षा

आपल्याकडे कौल किंवा प्रसाद घेण्याची प्रथा आहे. देवाला पाकळ्या लावल्या जातात आणि उजवी पाकळी आधी पडते की डावी यावरून उत्तर जाणले जाते. या प्रथेत एक मानसिक आधार आहे. परंतु तिच्यामुळे आपल्याला अशी सवय लागते की देवाने आजच, समोर आणि स्पष्ट उत्तर द्यावे. पाकळी पडली नाही की आपण अस्वस्थ होतो.

मूळ गाव सोडून निघालेल्यांना कोणता कौल मिळाला होता? "१७९ वर्षांनी इनाम मिळेल" असे सांगणारी पाकळी पडली नव्हती. पडली असती तरी त्यांचे समाधान झाले नसते. त्यांनी केले ते इतकेच : पुढची वाट दिसत नसतानाही आजचा नैवेद्य चुकू दिला नाही. देव काय करीत आहे हे आपल्याला कळत नाही, पण आज आपण काय करायचे हे बहुधा कळत असते. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे, निराशेच्या काळातील श्रद्धेचे स्वरूप हे असे आहे.

घडलेल्या सर्व घटना ईश्वराच्या योजनेनेच घडल्या, असे सिद्ध करणे इतिहासाला शक्य नाही आणि तो या लेखाचा हेतूही नाही. भाविक आणि अभ्यासक यांच्या दृष्टीत भेद असणारच. परंतु एक गोष्ट दोघांनाही मान्य व्हावी. जे कार्य आज "देवाची कृपा" म्हणून आपल्यासमोर उभे आहे, त्याचा मोठा भाग अशा माणसांच्या हातून झाला ज्यांना स्वतःला कृपेचा अनुभव फारसा आला नव्हता.

भाविकांसाठी काही सूचना

कार्यालयात वारंवार येणाऱ्या प्रश्नांच्या अनुषंगाने काही गोष्टी नम्रपणे नमूद कराव्याशा वाटतात.

१. संकट आले म्हणजे देव कोपला किंवा आपल्याकडून काही चुकले, असे समजून स्वतःला दोष देऊ नये. १५६० च्या काळात देवळे पडली ती भक्तांच्या अपराधामुळे नव्हे.

२. कर्ज काढून मोठे नवस, होम किंवा अन्नसंतर्पण करू नये. घरी तेवणारी एक निरांजन आणि एक फूल पुरेसे आहे. झावळ्यांच्या आडोशाखालील पूजा ही सोन्याच्या कळसाखालील पूजेपेक्षा कमी नसते.

३. मन लागत नसेल, प्रार्थनेचे शब्द सुचत नसतील, तरी नित्यनियम लहान का होईना चालू ठेवावा. तोही जमत नसेल तर घरातील दुसऱ्या कोणी तो आपल्या वतीने करावा. देवाला एकट्याने नेले नव्हते, अनेक खांदे लागले होते.

४. आजारपणात वैद्यकीय उपचार आणि मन खचले असता योग्य तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. साहाय्य अनपेक्षित दाराने येते हे आपण पाहिलेच आहे. ते दार आपण स्वतः बंद करू नये.

५. शेजारी किंवा परिचित कुटुंब दुःखात असेल तर "देव बरे करील" एवढे सांगून निघून येऊ नये. त्यांच्या घरी डबा पोहोचवावा, रुग्णालयात रात्री सोबत बसावे, मुलांना शाळेत सोडावे. देवाच्या अदृश्य कार्याला दिसणारे हात लागतात.

६. कुलदैवताच्या दर्शनास जाल तेव्हा शक्य झाल्यास मूळ स्थानही पाहावे. वेर्णे येथे श्री महालसेचे मंदिर मूळ स्थानी अलीकडे पुन्हा उभारले गेले आहे. मुलाबाळांना नदीच्या दोन्ही तीरांची हकिगत सांगावी.

समारोप

मंगेशीला दर्शनासाठी गेलेला भाविक तळ्याच्या पायऱ्यांवर क्षणभर बसतो, दीपमाळ पाहतो आणि प्रसन्न होतो. त्या वेळी ज्यांनी ही दीपमाळ कधी पाहिली नाही, त्या पिढ्यांचे स्मरण करावे. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आपल्याप्रमाणेच त्यांनीही विचारले असेल, "देवाने आमच्याकडे पाहिले का?" त्यांना उत्तर मिळाले की नाही हे सांगता येत नाही. परंतु तो प्रश्न मनात ठेवूनच त्यांनी सायंकाळी समईत तेल घातले, आणि म्हणून आज आपल्याला दर्शन घडते.

आपण स्वतः अशाच मधल्या वर्षांत असाल, तर आज सायंकाळी दिवा लावावा. उद्याचे उद्या पाहावे.

सर्व भाविकांना, विशेषतः ज्यांच्या घरी सध्या कठीण काळ आहे त्यांना, धैर्य व शांती लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ श्रीकृपा असो ॥

सचिव,
विश्वस्त मंडळाकरिता